मार खाणाऱ्याचं डोकं

'स्ट्रीट फायटर ६' या खेळात समोरच्याला पकडून आपटायला, म्हणजे थ्रो करायला, पाच फ्रेम लागतात. खेळ सेकंदाला साठ फ्रेमने चालतो. म्हणजे बटण दाबल्यापासून पकड बसेपर्यंत जाणारा वेळ सेकंदाचा बारावा हिस्सा. पडद्यावर काहीतरी हललं हे डोळ्यांनी टिपून बोट हलवायला चपळ माणसालाही पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे जवळजवळ पंधरा फ्रेम. पकड बसल्यावर सुटायला खेळ थोडी सवलत देतो खरी, पण टीव्हीचा आणि कंट्रोलरचा उशीर मिळवला की हिशेब पुन्हा अंगावर येतो.

तरीही मोठ्या स्पर्धांमध्ये थ्रो सुटताना दिसतात, एकेका सामन्यात कितीतरी वेळा. ते बघून सोडवलेले नसतात. आता हा पकडणार असं धरून बोट आधीच चाललेलं असतं. लढतीच्या खेळांमधला बचाव बहुतांशी असाच चालतो. डोळा पुरत नाही, म्हणून हाताला वळण लावायचं. पण वळण लागलं की ते समोरच्यालाही दिसायला लागतं, आणि खऱ्या सामन्याला तिथून सुरुवात होते. बघणाऱ्यांच्या टाळ्या मारणाऱ्याला मिळतात. डोकं मात्र मार खाणाऱ्याचं जास्त चालत असतं.

नव्वदच्या दशकात ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये टोकनं घातली त्यांना यातलं अर्धं शास्त्र न शिकवता ठाऊक आहे. कॅपकॉम कंपनीचा 'स्ट्रीट फायटर २' १९९१ सालचा. त्यात आपल्याकडच्या पोरांना धालसिमचं अप्रूप, कारण तो भारतीय. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग आणि लांबच लांब ताणले जाणारे हात. पण पार्लरमध्ये भांडणं व्हायची ती गाइल या पात्रावरून. गाइल घेणारा पोरगा जॉयस्टिक खाली-मागे धरून कोपऱ्यात बसायचा आणि उठायचाच नाही. स्टिक मागे धरणं म्हणजे गार्ड. पण गाइलचा सॉनिक बूम हा दुरून मारायचा वार सोडण्यासाठीही स्टिक आधी थोडा वेळ मागेच धरावी लागते, आणि फ्लॅश किकसाठी खाली. म्हणजे तो बचाव करत असतानाच त्याची बंदूक भरली जात असते. समोरचा बूम चुकवून चुकवून वैतागायचा, शेवटी उडी मारायचा आणि फ्लॅश किक खाऊन पडायचा. मग 'बसून खेळतोस, चीटिंग आहे' अशी आरडाओरड. चीटिंग त्यात काहीच नव्हतं. गाइलवाल्याला समोरच्याचा संयम कधी सुटतो हे कळलेलं असायचं, एवढंच.

गार्डचे नियम थोडक्यात सांगून टाकू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मागे धरलं की वार अडतो. पायावरचा वार बसून अडवावा लागतो, डोक्यावरून येणारा उभं राहून. आणि थ्रो कोणत्याही गार्डला जुमानत नाही. एवढ्या तीन वाक्यांवर तीसहून अधिक वर्षं हा खेळ उभा आहे.

आता एकच प्रसंग जवळून पाहू, कारण सगळी मौज त्यात आहे. 'स्ट्रीट फायटर ६'मध्ये तुम्ही कोपऱ्यात पडला आहात, उठताय, आणि समोरचा अगदी अंगाला लागून उभा आहे. तुमच्या हातात मोजकेच पर्याय असतात. नुसता गार्ड धरायचा. किंवा खेळातला सगळ्यात जलद ठोसा, चार फ्रेमचा, मारून बघायचा. किंवा ड्रॅगन पंचसारखा, उठताना मार लागू न देणारा आणि समोरच्याला फेकून देणारा वार काढायचा. किंवा उडी. किंवा थ्रो सोडवायची बटणं दाबायची.

या शेवटच्या पर्यायात अनुभवी खेळाडू एक शहाणपण करतात. ती बटणं ते लगेच दाबत नाहीत, किंचित उशिरा दाबतात. समोरच्याने ठोसा मारला असेल तर तोवर आपण गार्डमध्ये अडकलेले असतो आणि बटणं वाया जातात, नुकसान काही होत नाही. थ्रो केला असेल तर पकड सुटते. एका दाबण्यात दोन संकटांचा बंदोबस्त. नवख्या खेळाडूला हे जमलं की त्याला वाटतं, किल्ला बांधून झाला.

मग समोरचा एक गोष्ट करतो. तो पुढे येतो, थ्रो करणार असं भासवतो आणि अर्धं पाऊल मागे सरकतो. बस्स, एवढंच. तुमची बटणं हवेत जातात. पकड सोडवायची बटणं म्हणजे पकड करायचीच बटणं. त्यामुळे तुमचं पात्र रिकामी मिठी मारत उभं राहतं आणि त्याला सलग वारांचा पुरा कॉम्बो बसतो. खेळाडू याला 'शिमी' म्हणतात. जगभरातल्या स्पर्धांमध्ये जितके किल्ले या अर्ध्या पावलाने पडले तितके कुठल्याही सुपर वाराने पडले नसतील.

इथे पैशासारखा हिशेब मांडावा लागतो. बहुतेक पात्रांची ताकद १०,००० असते. साधा थ्रो १,२०० घेऊन जातो. शिमीत सापडलं तर साध्या कॉम्बोलाही त्याच्या दुप्पट-तिप्पट जातात, आणि वर हातात सुपर असेल तर फेरीच आटोपते. म्हणून वरच्या पातळीवरचे खेळाडू पुष्कळदा सरळ थ्रो खातात. प्रेक्षकांना वाटतं, झोपला की काय! तो झोपलेला नसतो. आपण अमुक वेळी बटण दाबतो ही माहिती समोरच्याला द्यायची नाही, म्हणून त्याने १,२०० मोजलेले असतात. कोपऱ्यात मात्र हा सौदा महाग पडतो, कारण तिथे बरीच पात्रं एका थ्रोनंतर लगेच दुसऱ्या थ्रोला हजर असतात. दोनदा आपटलं गेलं की तिसऱ्यांदा बोटं शिवशिवतातच. समोरच्याला तेच हवं असतं.

कबड्डीतला हुशार चढाईपटू पहिल्या एक-दोन चढायांत गुण घ्यायला जातच नाही. बोनस रेषेपाशी पाय घालून बघतो, कोपऱ्यातला रक्षक घोट्यावर कधी झेपावतो. इथेही पहिली फेरी अनेकदा अशीच खर्ची पडते. थ्रो खाल्ल्यावर हा उडी मारतो का? ताकद कमी झाली की ड्रॅगन पंच काढतो का? दोन ठोसे अडवल्यावर तिसऱ्याआधी बोट हलतं का? हे टिपून ठेवायचं आणि शेवटच्या फेरीत वटवायचं. आणि बचाव करणाऱ्याला हे सगळं माहीत असतं, म्हणून तोही पहिल्या फेरीत मुद्दाम खोटी सवय दाखवून ठेवू शकतो. असं करणारे खेळाडू थोडे, पण त्यांच्याशी खेळताना भल्याभल्यांची पंचाईत होते.

बचाव म्हटला की जपानच्या गोइचीचं, म्हणजे पडद्यावर 'जीओ१' असं नाव लावणाऱ्या खेळाडूचं, नाव निघतं. 'ड्रॅगन बॉल फायटरझेड' हा खेळ जानेवारी २०१८ मध्ये आला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या इव्हो स्पर्धेत त्याची अंतिम लढत गाजली. एका बाजूला गोइची, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा सॉनिकफॉक्स, म्हणजे डॉमिनिक मॅक्लीन. हा खेळ तीन-तीन पात्रांचा. मदतीला येणाऱ्या साथीदारामुळे वार डावीकडून येतोय की उजवीकडून, उभ्याला की बसलेल्याला, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा गदारोळात गोइची तासन्‌तास शांत बसून अडवू शकतो अशी त्याची ख्याती.

इव्होमध्ये एकदा हरला तर खेळाडू बाहेर जात नाही, पराभूतांच्या गटात जातो. अंतिम लढतीत विजेत्या गटातून आलेल्या खेळाडूला दोनदा हरवलं, तरच त्या गटातून आलेला विजेता ठरतो. गोइची पराभूतांच्या गटातून आला होता. पहिला संच त्याने घेतला, सभागृहाचा वारा फिरला. तेव्हा सॉनिकफॉक्सने बाजू बदलून मागितली: मी त्या बाजूला बसतो, तू या बाजूला ये. वर्षानुवर्षं पडद्याच्या एकाच बाजूने सुरुवात करणाऱ्या हातांना उलट्या बाजूचं वळण कमी असतं. शिवाय उठणं, जागा बदलणं, पुन्हा बसणं यात तापलेला माणूस थोडा थंड होतो. दुसरा संच आणि विजेतेपद सॉनिकफॉक्सने नेलं. काहींनी नाकं मुरडली, खिलाडूपणा नाही म्हणाले. खरं तर ती त्या रात्रीची सगळ्यात हुशार चाल होती. पडद्यावर ज्याचा बचाव फुटत नाही, त्याची बैठक मोडायची. नियमात बसत होतं आणि खेळाच्या स्वभावातही बसत होतं.

आता त्या प्रसंगाकडे यावंच लागेल, ज्याची चित्रफीत लढतीचे खेळ न खेळणाऱ्यांनीही पाहिलेली असते. वर्ष २००४, कॅलिफोर्नियातलं पोमोना, इव्होमध्ये 'स्ट्रीट फायटर ३ : थर्ड स्ट्राइक'ची पराभूत गटाची अंतिम लढत. जपानचा दाइगो उमेहारा, वय २३, केन घेऊन. न्यूयॉर्कचा जस्टिन वाँग, वय १८, चुन-ली घेऊन. जस्टिनचा खेळ कासवछाप. अंतर राखायचं, काही द्यायचं नाही, चुकीची वाट बघायची. केनची ताकद इतकी कमी उरली होती की पट्टीवर दिसत नव्हती. अशा वेळी साधा गार्डही कामाचा नाही, कारण मोठा वार अडवला तरी थोडी ताकद झिजतेच, आणि केनकडे झिजायला काही शिल्लकच नव्हतं. जस्टिनने चुन-लीचा लाथांचा सुपर सोडला. वाचायचा मार्ग एकच: पॅरी. वार अंगाला लागण्याच्या क्षणी स्टिक पुढे, वाराच्या दिशेने ढकलायची. वेळ चुकली तर गार्ड नाही, सरळ मार. लाथा पंधरा. दाइगोने सगळ्या झेलल्या, शेवटची तर उडी मारून हवेत, आणि उतरता उतरता कॉम्बो लावून फेरी संपवली.

ही कथा सहसा विजेच्या बोटांची म्हणून सांगितली जाते. बोटं होतीच. जपानच्या आर्केडमध्ये या सुपरच्या पॅरीचा सराव अनेकांनी केलेला होता आणि त्यांची लय पाठ होती. पण तो सुपर इतका जलद की पडदा लकाकल्यावर विचार करू म्हणणाऱ्याला पहिली लाथ झेलताच येत नाही. स्टिक त्याआधीच पुढे जावी लागते. म्हणजे दाइगोला 'हा आता सोडणार' हे आधी दिसलं होतं. जस्टिनचा निर्णय चुकीचा मुळीच नव्हता. त्या क्षणी शंभरातल्या नव्व्याण्णव खेळाडूंनी तेच केलं असतं, आणि म्हणूनच तो ओळखता आला. सुरक्षित चाल सगळ्यांना सुचते. ती समोरच्यालाही सुचलेली असते. बाकी, ती स्पर्धा दाइगो जिंकला नाही. अंतिम लढतीत केंजी ओबाताने त्याला हरवलं. चित्रफीत पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे माहीत असतं.

सवय वाचायची तर आधी ती बघायला मिळायला हवी. इथे लाहोरची गोष्ट येते. फेब्रुवारी २०१९ मध्ये जपानच्या फुकुओका शहरात इव्हो जपान स्पर्धा झाली आणि 'टेकन ७' मध्ये अर्सलान सिद्दिकी, खेळातलं नाव अर्सलान ॲश, हा पाकिस्तानचा तरुण जिंकला. कोरिया-जपानच्या दिग्गजांना तो जवळजवळ अनोळखी. त्याच्या लढतींचा अभ्यास करायला कोणाकडे साठा नव्हता. उलट त्याने मात्र त्यांच्या लढती इंटरनेटवर हव्या तितक्या पाहिलेल्या असणार. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासच्या मुख्य इव्होतही तो जिंकला, अंतिम लढतीत कोरियाच्या नीला, म्हणजे बे जे-मिनला हरवून. ईएसपीएनने त्याला २०१९ चा सर्वोत्तम ईस्पोर्ट्स खेळाडू ठरवलं.

टेकनचा बचाव स्ट्रीट फायटरपेक्षा निराळा. इथे स्टिकला हात न लावता उभं राहिलं तरी गार्ड असतो. धोका मुख्यतः पायावरच्या वारांचा. पकडी थोड्या सावकाश येतात, आणि कसलेले खेळाडू समोरच्या पात्राचा एक हात पुढे आला की दोन, हे बघून सोडवतात. ब्रायन या पात्राचा 'स्नेक एज' हा पायावरचा वार तर जवळजवळ अर्धा सेकंद घेतो. तो खाल्ला की मित्र हसतात. म्हणजे इथे डोळ्याला काम आहे. पण चाल आहे ती पावलांची. मागे सरकणं, बाजूला सरकणं, समोरच्याचा वार तसूभर हुकवणं आणि हुकलेल्या वाराची किंमत वसूल करणं. अर्सलानचा खेळ हाच. तो फार काही करत नाही असं वाटतं, आणि समोरच्याची ताकद संपत आलेली असते.

लाहोरच्या पोरांना हे आलं कुठून? एकाच शहरात, गेम झोनमध्ये शेजारी शेजारी बसून, त्याच त्याच कडव्या प्रतिस्पर्ध्यांशी रोज खेळून. रोजचा माणूस समोर असला की तुमची प्रत्येक सवय त्याला पाठ असते. ती बदलल्याशिवाय संध्याकाळचा एक सामना जिंकता येत नाही. २०१९ मध्येच नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या खेळाडूंशी खेळून आला. इतक्या वर्षांच्या अनुभवाचा खेळाडू शिकायला दुसऱ्याच्या गावी जातो, ही गोष्ट आपल्याकडच्या उस्तादांनीही लक्षात ठेवावी अशी. पुढे अर्सलान एकटा राहिला नाही. २०२२ च्या टेकन वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धा पाकिस्तानच्याच आतिफ बटने जिंकली.

बचाव किती चालू द्यायचा हे शेवटी खेळ बनवणारे ठरवतात, आणि तिथे सध्या ओढाताण आहे. 'स्ट्रीट फायटर ६' जून २०२३ मध्ये आला. त्यात ताकदीच्या पट्टीखाली सहा खणांची ड्राइव्ह पट्टी दिली आहे. मार अडवला की ती झिजते, आणि रिकामी झाली की 'बर्नआउट': अडवलेला विशेष वारही ताकद खातो, गार्डमधून सुटायला जास्त वेळ लागतो आणि कोपऱ्यात सापडलं तर भोवळ येण्यापर्यंत मजल जाते. म्हणजे नुसतं बसून राहण्यावर कर बसवला. पण सोबत हत्यारंही दिली: पॅरी आहे, दोन खण मोजून समोरच्याला ढकलून देणारा ड्राइव्ह रिव्हर्सल आहे. पॅरी धरून बसलेल्याला थ्रो केला तर त्याची शिक्षा वाढीव, १,२०० ऐवजी २,०४०. प्रत्येक कुलपाला किल्ली आणि प्रत्येक किल्लीला भाडं. मांडणी चोख आहे.

'टेकन ८' बद्दल तसं म्हणवत नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या या खेळाने आक्रमण हेच आपलं ब्रीद ठरवलं. 'हीट' ही विशेष अवस्था चालू असताना अडवलेला वारही ताकद खातो, आणि एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या हंगामाच्या बदलांनी आक्रमकांना आणखी खिरापत वाटली. खेळाडूंचा एवढा भडका उडाला की कंपनीला तातडीने दुरुस्त्या कराव्या लागल्या. तक्रार 'मार जास्त बसतो' ही नव्हती. विचार करायला जागाच उरत नाही, ही होती. उभं राहू की बसू याचा छापा-काटा पुन्हा पुन्हा करावा लागला, तर समोरच्याची सवय ओळखून उपयोग काय? ज्या खेळात शहाण्या बचावाला वेळ मिळत नाही, त्यात अनुभवाची किंमत घसरते. टेकनच्या निर्मात्यांनी त्या हंगामात चूक केली, असंच म्हणायला हवं.

अनुभवाची किंमत काय असते हे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत दिसलं. 'स्ट्रीट फायटर ५' हा तिथे पदकाचा खेळ होता. सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने जिंकलं. वय ४४. अंतिम लढतीत समोर तैवानचा श्यांग यू-लिन, म्हणजे 'गेमरबी' या नावाने कित्येक वर्षं गाजलेला खेळाडू; लढत ४-३ अशी शेवटच्या डावापर्यंत गेली. दक्षिण कोरियाचं ईस्पोर्ट्समधलं ते पहिलं आशियाई सुवर्ण. इतर अनेक ईस्पोर्ट्समध्ये पंचविशीत निवृत्तीची भाषा सुरू होते. इथे चाळिशी ओलांडलेली माणसं अंतिम फेरीत होती. बोटं विशीतल्यासारखी पळत नसतीलही. पण समोरचा थ्रो खाल्ल्यावर काय करतो हे तीस वर्षांत हजारो माणसांकडून पाहिलेलं असतं.

भारताकडून त्या स्पर्धेत मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास उतरले होते. पदक आलं नाही. आपल्याकडे खेळाडू आहेत, हौसही आहे, पण विखुरलेली. मुंबई-पुण्यात चार-सहा जण जमतात आणि बाकीचे घरी बसून ऑनलाइन खेळतात. ऑनलाइनमध्ये दोन-तीन सामने झाले की समोरचा निघून जातो आणि नवा येतो, त्यामुळे तुमची वाईट सवय उघडी पडायच्या आत माणूस बदललेला असतो. वर्षभर क्रमवारीत वर चढणारा पोरगा स्पर्धेतल्या लांब लढतीत ढेपाळतो तो बहुतेक यामुळे. लाहोरकडून उचलण्यासारखी गोष्ट हीच, आणि तिला पैसा लागत नाही: आपल्यापेक्षा थोडा बरा असा एकच मित्र गाठावा आणि त्याच्याशी आठवड्यातून एकदा दहा विजयांपर्यंतची लांब लढत खेळावी.

मित्र मिळत नसेल तर 'टेकन ८' मध्ये सोय आहे. त्यातली 'घोस्ट' ही व्यवस्था तुमचा खेळ पाहत राहते आणि तुमच्यासारखं खेळणारं संगणकाचं भूत तयार करते. त्याच्याशी तुम्हाला लढता येतं. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या कन्सोलवर आधी काही दिवस नेहमीसारखं खेळा आणि मग आपल्याच भुताला कोपऱ्यात घाला. पडल्यावर उठताना ते काय करतं ते कागदावर लिहून काढा. पाचातल्या चार वेळा तेच करत असेल, तर सराव तिथून सुरू करा.